रुळांवाचूनची वाट

व्यायाम करावा हे सर्वांना ठाऊक असते. तो करावासा वाटणे ही गोष्ट निराळी. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारी माणसे आपण पाहतो, त्यांचे मनापासून कौतुक करतो आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो. मी या दुसऱ्या वर्गातला. माझी सारी नोकरी खुर्चीत बसून झाली, आणि खुर्चीतून उठून मी जेथे जातो तेथेही बहुधा खुर्चीच असते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी माझे रक्त तपासले, साखरेचा आकडा कागदावर लिहिला, त्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि म्हटले, "औषध अजून देत नाही. तीन महिने अंग हलवा. मग पुन्हा पाहू."

मुलांनो, तुमच्या वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी तासभर तरी दम लागेल असे खेळावे, आणि मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे शरीराला श्रम द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्हांला त्या तासाची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. उलट, पुरे आता, असे ओरडावे लागते. आम्हांला मात्र ती दीडशे मिनिटे सक्तमजुरीसारखी वाटतात. घराच्या गच्चीवर मी चार दिवस येरझारा घातल्या. पाचव्या दिवशी पाऊस आला. त्या पावसाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

पण २०२५ सालचा तो पाऊस आभार मानण्याजोगा नव्हता. त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. धाराशिव जिल्ह्यात भूम आणि परंडा तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. काढणीला आलेले सोयाबीन जागच्या जागी कुजले. कित्येक शेतांतील तर मातीच वाहून गेली आणि खाली मुरमाड खडक उघडा पडला. दिवाळी तोंडावर आली तरी गावोगाव उत्साह नव्हता. अशा वेळी बार्शीहून माझ्या मामांचा निरोप आला: "भाचेबुवा, सुटी आहे तर या. सायकलीने येडशीपर्यंत जाऊ. मला एक मोरी पाहायची आहे."

मामा रेल्वेत गँगमन होते. गँगमन म्हणजे रूळ राखणारा माणूस. हातात हातोडा आणि पाना घेऊन तो रोज आपल्या वाट्याच्या लाइनीवरून चालत जातो. सैल झालेली खीळ ठोकतो, खचलेल्या स्लीपराखाली खडी सारतो, भरावाला कोठे भेग पडली आहे काय ते पाहतो. मामांनी ही नोकरी छोट्या गाडीच्या लाइनीवर केली. आज ते बाहत्तर वर्षांचे आहेत आणि भाजी आणावयासही सायकलीवरूनच जातात.

ही छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आमची सारी सहल तिच्याच वाटेने होती.

बार्शी ही पूर्वीपासून कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. परंतु मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तिला टाळून कुर्डुवाडीवरून गेला, आणि बार्शीचा माल पस्तीस किलोमीटर बैलगाडीने स्टेशनावर न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने येथे अरुंद रुळांची स्वस्त रेल्वे बांधावयाचे मनात घेतले. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजच्या मोठ्या गाडीच्या रुळांमध्ये ते १,६७६ मिलिमीटर असते. रूळ असे हलके की एका मीटरचे वजन पंधरा किलोच्या आसपास भरे. आता मोठ्या गाडीला मीटरमागे साठ किलोचा रूळ घालतात. इतक्या बारीक रुळांवरून भरलेल्या मालगाड्या जाव्यात कशा? कॅलथ्रॉपचा तोडगा साधा होता. शंभर शेर ओझे एका गाढवावर लादले तर ते बसकण मारील. तेच पाच गाढवांवर वाटले तर पाचही चालू लागतील. त्याने आपल्या गाडीचे सारे ओझे अनेक आसांवर सारखे वाटले आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही, असा नियमच घातला. इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने त्या बेताने घडविली. १८९७ साली पहिली गाडी धावली. पुढे १९०६ साली फाटा पंढरपुरास पोचला आणि आषाढी-कार्तिकीला डबे वारकऱ्यांनी ओसंडू लागले. पूर्वेस ती बालाघाटाचे डोंगर चढून १९११ साली लातुरास गेली. १९२७ साली पश्चिमेस मिरजेला भिडली. सव्वातीनशे किलोमीटरची ही लाइन १ जानेवारी १९५४ पर्यंत खाजगी कंपनीच्या ताब्यात होती. त्या दिवशी ती सरकारने घेतली.

कॅलथ्रॉपविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या सायकलीशी तिचा संबंध नाही, पण ती गाळवत नाही. मोटारगाड्यांमुळे ज्याचे नाव जगभर झाले तो चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. १९१० साली विमान कोसळून रोल्स मरण पावला. विमानातून माणसाला जिवंत खाली उतरविता यावे म्हणून त्यानंतर कॅलथ्रॉपने आपली बुद्धी हवाई छत्रीच्या शोधात घातली, आणि ती तयार करून तिला रक्षणकर्त्या देवदूताचे नाव दिले. बार्शीच्या बाजारात कापसाच्या गाठी मोजणाऱ्या कोणाला हे ठाऊक असेल असे वाटत नाही.

छोट्या गाडीने लातुराकडे जाताना एक मोठे गाव मात्र गाळले होते, ते म्हणजे जिल्ह्याचे ठाणे. त्या वेळचे उस्मानाबाद, २०२३ पासून ज्याचे नाव धाराशिव झाले, ते या लाइनीवर नव्हते. तेथील लोकांना गाडीसाठी येडशी गाठावी लागे. म्हणून लाइन रुंद करताना ती धाराशिवावरून वळविण्यात आली. २००७ साली लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ साली उस्मानाबाद ते कुर्डुवाडी अशी मोठी गाडी सुरू झाली. पांगरी आणि येडशी यांच्यामधला घाटातून जाणारा जुना तुकडा त्यामुळे ओस पडला. रूळ गेले, स्लीपर गेले. मातीचे भराव, खडकात खोदलेली खिंडारे आणि दगडी मोऱ्या तेवढ्या मागे राहिल्या. याच तुकड्यातल्या एका मोरीची मामांना काळजी लागली होती.

"मोरी गेली असली तर?" मी विचारले.

"तर गेली. पण पाहिल्याशिवाय झोप लागत नाही," मामा म्हणाले.

माझी कन्या सातवीत शिकते. ती या बेताने हरखून गेली. मी मात्र मनात घाटाचे चढ मोजू लागलो. माझा उतरलेला चेहरा पाहून मामा हसले. "भाचेबुवा, तुम्ही रेल्वेच्या वाटेने निघाला आहात. रेल्वेला चढ सोसत नाही. जिथं इंजिन चढलं तिथं तुम्हीही चढाल."

हे त्यांचे म्हणणे नुसते धीर देणारे नव्हते. त्यात शास्त्र होते. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फारच थोडे घासत जाते, म्हणून एक इंजिन शेकडो टन माल ओढू शकते. पण त्याच कारणाने चढ लागला की चाक रुळावर घसरू लागते. म्हणून रेल्वे बांधणारे लोक सपाटीसाठी काय वाटेल ते करतात. टेकडी आडवी आली तर ती कापतात, खळगा आला तर भराव घालतात, डोंगर आला तर त्याच्या कडेने लांबचा वळसा घेतात. शंभर मीटर चालावे तेव्हा एक मीटर वर जावे, इतपत चढ रेल्वेला मानवतो. घाटातली सडक वीस मीटरांतच तितकी उंची चढून जाते. आता शिखर तेच आणि सायकलस्वारही तोच. त्याचे वजन वर नेण्याचे एकूण काम दोन्ही वाटांनी सारखेच. फरक इतकाच की रेल्वेच्या वाटेवर ते काम पाचपट अंतरावर पसरते, आणि प्रत्येक पॅडलाच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा येतो. उंच पायऱ्यांचा जिना आणि बुटक्या पायऱ्यांचा जिना यांत आजीबाई कोणता निवडतात ते आठवा, म्हणजे हे लगेच पटेल.

ही गोष्ट परदेशांत पुष्कळांनी हेरली आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा बंद पडलेला लोहमार्ग १९६७ साली सायकलींसाठी खुला केला. त्यात तीन बोगदे आहेत आणि आतल्या अंधारात सायकल हाती धरून चालावे लागते. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतात दीडशे किलोमीटरचा असा मार्ग २००० साली तयार झाला. तेथे म्हातारी माणसे आणि पोरेसोरे मुक्काम करीत आरामात जातात, आणि ज्या गावांची गाडी बंद पडून रया गेली होती त्यांना पुन्हा चार पैसे मिळू लागले. आमच्या बार्शीच्या लाइनीवर असा मार्ग कोणी आखलेला नाही. तिचा काही भाग नव्या मोठ्या लाइनीखाली गेला आहे, तर घाटातला भाग वनखात्याच्या हद्दीत येतो. आम्हांला जेथे जुना भराव मोकळा सापडेल तेथे भरावावरून, आणि एरवी सडकेने, असे जायचे होते.

भाऊबीज आटोपल्यावर एके दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही बार्शी सोडली. मामांची बावीस इंची काळी सायकल, मागे कॅरिअरवर बांधलेले खुरपे, कुऱ्हाड आणि शिदोरीचे गाठोडे. आमच्या दोघांच्या सायकली भाड्याच्या. पहिले तीन किलोमीटर मला बरे वाटले. पुढच्या तीनांत मला कंटाळा आला. सातव्या किलोमीटराला मी मामांना विचारले की चहा कोठे मिळतो. ते म्हणाले, पांगरीला. पांगरी अजून बरीच दूर होती. मराठीत "दम धरा" आणि "दम लागला" या दोहोंत दम एकच. त्या सकाळी त्यांतला दुसराच तेवढा माझ्या वाट्याला आला होता.

मामा सारखे बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यामुळे वाट सरली हे कबूल केले पाहिजे. कोळशाचे इंजिन होते तेव्हा घाटाखाली ते पाणी कसे पिई, चढाला लागले की धापा कशा टाकी, पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाक फिरू लागले की पुढे वाळू कशी सोडीत, हे सारे त्यांनी आवाजासह करून दाखविले. माझी कन्या हसून हसून सायकलीवरून पडायची राहिली. गाडी इतकी सावकाश जाई की चढावर खाली उतरून, सीताफळे तोडून पुन्हा पुढच्या डब्यात चढणारी पोरे असत, असे त्यांनी सांगितले. छोट्या लाइनीच्या प्रत्येक गावात ही गोष्ट ऐकावयास मिळते. खरी किती आणि रंगविलेली किती हे ज्याने त्याने ठरवावे.

पांगरीच्या पुढे जुनी वाट नवीपासून वेगळी होते. तेथे एका शेताच्या कडेने मामांनी आम्हांला भरावावर चढविले. पाहतो तो काय, शेतांपेक्षा पुरुषभर उंच, सरळ, पायवाटेसारखी मळलेली एक पट्टी पुढे धावत होती. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलोऱ्यावर होत्या. जेथे पाणी साचून राहिले होते तेथे काळ्याठिक्कर पडलेल्या सोयाबीनचे पट्टे दिसत. सायकलीखाली जुनी खडी करकरत होती. आणि खरोखर, चढ जाणवत नव्हता. मागे वळून पाहिले तेव्हाच कळे की बार्शीचे मैदान आता खाली राहिले आहे. मी पहिल्यांदाच न कुरकुरता अर्धा तास पॅडल मारले. मग फुस्स असा आवाज झाला.

बाभळीचा काटा होता. बंद पडलेल्या लाइनीवर सर्वांत आधी बाभूळच उगवते. मामांनी सायकल उलटी केली, टायर सोडवून ट्यूब बाहेर काढली, हवा भरून ती डब्यातल्या पाण्यात बुडविली आणि बुडबुडे कोठून येतात ते कन्येला शोधावयास सांगितले. छिद्र सापडल्यावर तेवढी जागा पुसून, कानशीने खरवडून त्यांनी सोल्यूशन लावले. "आता लगेच ठिगळ चिकटवायचं नाही. वाळू द्यायचं. घाई केली की ठिगळ सुटतं," ते म्हणाले. आम्ही तिघे भरावाच्या कडेला बसून ते वाळण्याची वाट पाहत राहिलो. टायराला आतून बोट फिरवून काटा काढावयाचा राहू नये, ही गोष्ट मी तेव्हा शिकलो. नाहीतर तोच काटा नव्या ठिगळालाही भोक पाडतो.

घाट लागल्यावर आम्ही सडकेवर आलो. येथून येडशी-रामलिंग घाट अभयारण्याचे डोंगर सुरू होतात. सुमारे बावीस चौरस किलोमीटरचे हे लहानसे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले, आणि आत परवानगीवाचून शिरता येत नाही. रानात जाऊ नका असे आम्हांला वाटेत दोघांनी बजावले, त्याला कारणही तसेच होते. डिसेंबर २०२४ मध्ये या रानातील स्वयंचलित कॅमेऱ्यात चक्क एक वाघ दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वराच्या जंगलातून शेते, सडका आणि नद्या ओलांडून, शेकडो किलोमीटर एकटा चालत आला होता. नव्या रानाच्या शोधात तरुण वाघ असे निघतात. हे ऐकल्यावर माझ्या सायकलीचा वेग, चढ असूनही, थोडा वाढला.

सडकेचा चढ रेल्वेसारखा दयाळू नव्हता. दोनदा मी उतरून सायकल ढकलली. कन्या पुढे जाई आणि वळणावर थांबून माझी वाट पाही. मामा मात्र न थांबता, न घाई करता, एकाच लयीत वर जात होते. त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून वाटे, हे गुडघे नव्हेत, घड्याळाचे लंबक आहेत. दोन वळणे झाल्यावर मीही त्यांच्या मागच्या चाकाकडे पाहत त्याच लयीत पाय हलवू लागलो. मोजू नये, वर पाहू नये, फक्त पुढच्या चाकाइतकेच अंतर ठेवावे. असे केले की चढ संपतो कधी ते कळत नाही.

रामलिंगाचे देवालय दरीत आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. ओढा देवळाजवळून वळसा घेतो, पावसाळ्यात शेजारचा धबधबा गर्जत असतो. सीतेसाठी रावणाशी झुंजून जटायू येथेच पडला अशी या भागातली श्रद्धा आहे. आम्ही शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दिवाळीच्या उरलेल्या करंज्या. करंज्यांकडे मी पाहिले, मग लाल वर्तुळ आठवले आणि एकच घेतली. दुसरी एका वानराने घेतली. त्याला कोणी डॉक्टरांनी काही सांगितले नव्हते.

मोरी येडशीच्या अलीकडे, शेतांमध्ये होती. मामांनी सायकल बांधाला टेकली आणि ते काही न बोलता उतारावरून खाली गेले. आम्ही मागोमाग गेलो. काळ्या घडीव दगडांची कमान जागेवर उभी होती. शतकाहून अधिक पावसाळे तिने पाहिले होते, आणि २०२५ चा पावसाळाही ती पाहून राहिली होती. पण तिचे तोंड जवळजवळ बुजले होते. पुराने आणलेली बाभळीची झुडुपे, तुरीच्या काट्या, फाटके ताडपत्रीचे तुकडे आणि त्यांवर हातभर गाळ.

"पाहिलंत?" मामा म्हणाले. "भराव म्हणजे बंधाराच. वरच्या शेतांचं पाणी या एकाच दारानं खाली जातं. दार बंद झालं की पाणी वर तुंबतं. तुंबून तुंबून एक दिवस भराव फोडतं, आणि मग खालच्या शेताची माती ठेवीत नाही. गाडी चालू होती तोवर दर मृगाआधी आम्ही ह्या मोऱ्या साफ करायचो. आता गाडी नाही, त्यामुळे मोरी कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. पाण्याला मात्र ठाऊक आहे."

वरच्या अंगाचे शेत पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे डोळ्यांना दिसले. पिकाच्या ताटांवर गुडघ्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. पाणी तेथपर्यंत साचले होते. खालच्या अंगाला एका कुटुंबाने नुकतीच ज्वारी पेरली होती. तिचे हिरवे कोंब ओळीने वर आले होते.

मामांनी सदरा काढून फांदीला अडकविला आणि कुऱ्हाड घेतली. मी आधी काठावर उभा होतो. मग एक फांदी ओढावयास दोन हात कमी पडले, म्हणून उतरलो. मग दुसरी. ज्वारीवाले शेतकरी कोण माणसे आहेत म्हणून पाहावयास आले. मामांना त्यांनी ओळखले आणि फावडे आणावयास घरी मुलगा पिटाळला. चार जणांनी गाळ उपसायचा, कन्येने फाटक्या ताडपत्रीवर ओढून तो बाजूला टाकायचा, असे काम बसले. माझे तळहात सोलवटले. पाठ मोडून आली. पण थांबावे असे कोणी म्हटले नाही, मीही नाही. तिसरा प्रहर कलला तेव्हा फावडे दगडी तळाला लागले आणि खण् असा आवाज झाला. मामांनी वाकून पलीकडे पाहिले. कमानीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

शेतकऱ्यांनी आम्हांला चहा पाजला. पुढच्या वर्षी रोहिणी नक्षत्र लागले की मोरी आम्ही दोन्ही शेतांचे मिळून साफ करू, असे ते म्हणाले. वरच्या शेताच्या मालकाशी त्यांचा बोलण्याचा संबंध नव्हता, पण तो आता करावा लागेल, असेही पुटपुटले.

येडशीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तिथूनच परतावयाचे, असा मूळ बेत होता. सकाळी उठलो तेव्हा माझे पाय लाकडासारखे झाले होते. चालताना जिन्याचा कठडा धरावा लागला. मामांनी सांगितले, बसून राहाल तर जास्त दुखेल, हळूहळू चालवा. श्रमाची सवय नसलेले स्नायू दुसऱ्या दिवशी ताठतात आणि हलक्या हालचालीने ते मोकळे होतात, ही गोष्ट खरी आहे. कन्येला तेर पाहायचे होते. इतिहासाच्या बाईंनी वर्गात त्याचे नाव घेतले होते. निघालो.

येडशीपासून पूर्वेला नवी मोठी लाइन जुन्या लाइनीची सोबत करते. बाराएक किलोमीटरवर कसबे तडवळे लागते. या गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. वतन म्हणजे गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या करण्याचे बंधन. त्या बंधनातून सुटण्याविषयी येथे बोलणे झाले. वतनाची कामे किती अंग मोडणारी होती, आणि ती करणाऱ्याला नको म्हणण्याची मुभा कशी नव्हती, हे मामांनी कन्येला सांगितले. मी ऐकत होतो. डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास आणि तो घाम यांना एकच "श्रम" हा शब्द आपण वापरतो, हे मला त्या वेळी खटकले.

पुढे ढोकी. तेथे फाटकाशी थांबलो असताना गाडी गेली. एका डब्यात माझ्या सायकलीसह मी सहज मावलो असतो, असा विचार मनात येऊन गेला. ढोकीहून तेरणा नदीच्या बाजूने आम्ही तेरला पोचलो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक नाविकाने समुद्रव्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात या नगराचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तेथून तलम कापड व इतर माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदरात नेतात, असे तो सांगतो. तेथून ते कापड जहाजांनी रोमच्या राज्यात जाई. तेरला सापडलेली हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पाँपेई येथे, सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात मिळाली. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांतून आणि पांढरीच्या टेकाडांतून जुन्या वस्तू वेचल्या. त्यांतून येथील संग्रहालय उभे राहिले. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहिले. त्याची मागची बाजू गोल आहे, कारण मुळात तो बौद्धांचा चैत्य असावा असे जाणकार मानतात. संत गोरोबाकाकांच्या समाधीपाशी बसलो. चिखल तुडविता तुडविता ज्यांची समाधी लागे असे सांगतात, त्या कुंभाराच्या गावी मला आदल्या दिवशीचा मोरीतला चिखल आठवला. नखांत तो अजून होता.

संध्याकाळी ओसरीवर बसून कन्येने वहीत वाट काढली: बार्शी, पांगरी, घाट, मोरी, येडशी, तडवळे, ढोकी, तेर. मोरीला तिने लाल पेन्सिलीने कमान काढली. मग ती म्हणाली, "आजोबा, तगरच्या गाड्यांना बैल होते. त्यांनाही चढ सोसत नसेल ना? मग तेही असेच लांबून जात असतील."

मामांनी जरा विचार केला. "जात असतील," ते म्हणाले. "चढ टाळायची अक्कल इंजिनाला बैलाकडूनच आली असेल."

परतीला टेंपो सांगावा काय, असे त्यांनी मला विचारले. मी नकाशाकडे पाहिले. येडशीपर्यंत चढ होता, पण तिथून घाट उतरणीचा. पहाटे पाचला निघायचे ठरले, आणि कन्येने तिन्ही सायकलींची हवा तपासून ठेवली.